वारा सरला का? (आणि बाबूने जहाजावरून आणलेलं चिनी पाकीट)

पोटाचं मोठं ऑपरेशन झालेल्या घरात पहिले काही दिवस एकच प्रश्न फिरत असतो. डॉक्टर राउंडला आले की विचारतात गॅस पास झाला का, सिस्टर विचारते, गावाहून फोन आला की तिकडून कोणीतरी ओरडून विचारतं "काय गो, वारो सरलो काय?" आणि एरवी ज्या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नाही तो विषय अख्ख्या वॉर्डसमोर बिनधास्त चालतो. आमच्या काकीचं मध्यंतरी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं, एक तुकडा काढून दोन टोकं जोडली, तेव्हा आम्ही सगळे याच प्रश्नावर जगत होतो.

माझं कुडाळला मेडिकल आहे, त्यामुळे घरात कुणाला काही झालं की औषधांची चौकशी माझ्याकडे येते. ह्या वेळेला चौकशी जरा वेगळी होती. काकीचा मुलगा बाबू मर्चंट नेव्हीत आहे (आमच्याकडे घरटी एक तरी शिपवर असतोच), तो चीनच्या एका बंदरातून येताना एक पाकीट घेऊन आला. लाल-सोनेरी, वर सगळी चिनी अक्षरं, आत वाळलेल्या मुळ्या आणि साली. तिथल्या दुकानदाराने त्याला सांगितलं की ऑपरेशननंतरच्या अशक्तपणावर हेच देतात, उकळून पाजा. बाबूचं म्हणणं, पाच हजार वर्षांचं शास्त्र आहे ताई, ते काय उगीच देतील? काकांचं म्हणणं, चायनाचा माल, एक महिना चालला तर नशीब. मी म्हटलं थांबा, आधी बघूया तरी आत काय आहे.

तर हा पोस्ट त्या बघण्याबद्दल. एकदाच लिहून ठेवते, कारण दुकानात पण आता लोक विचारायला लागलेत, ऑनलाइन चायनीज हर्बल मागवतात आणि मग बिल घेऊन माझ्याकडे येतात की हे चालेल का.

आधी आतडं गप्प का बसतं ते. पोट उघडलं, किंवा दुर्बिणीतून का होईना आतड्याला हाताळलं, की ते रुसतं. आतड्याच्या स्नायूंच्या थरात सूज येते, शरीराची घाबरून जाणारी जी नर्व्ह सिस्टिम आहे ती ब्रेक दाबून धरते आणि त्यात आपण दुखू नये म्हणून मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल असली औषधं देतो, ती मेंदूत दुखणं कमी करतात पण आतड्यावर पण त्यांचे रिसेप्टर असतात तिथे जाऊन हालचाल अजून मंद करतात. पोटॅशियम कमी असेल तर आणखी भर. साधारण बघितलं तर लहान आतडं एका दिवसात परत कामाला लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात आणि मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन-तीन दिवस किंवा जास्त. ह्याला डॉक्टर इलियस म्हणतात. तो लांबला की पोट फुगतं, उलट्या होतात, नाकातून नळी राहते, पेशंट वैतागतो आणि बिल वाढतं.

आता चिनी वैद्यकाला हा विषय एकदम जवळचा. त्यांच्या हिशोबाने पोटातले पोकळ अवयव, म्हणजे जठर, आतडी, पित्ताशय वगैरे, यांचं काम खालच्या दिशेने पुढे ढकलत राहणं, वाट मोकळी असली की तब्येत ठीक, वाट तुंबली की दुखणं. आपल्याकडे अपान वायूबद्दल वैद्य जे बोलतात त्याच्या बरंच जवळ जातं हे. इसवी सन २०० च्या आसपास झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला, त्याच्या नावावरच्या ग्रंथांतले काढे आजही चीन-जपानमध्ये चालतात. त्यातला एक 'दा चंग ची तांग', म्हणजे रेवाचिनी, मॅग्नोलियाच्या झाडाची साल, कच्चं कडू संत्रं आणि एक खनिज मीठ जे मुळात सोडियम सल्फेट आहे. सरळ सांगायचं तर दणकट जुलाब. चीनमध्ये विसाव्या शतकाच्या मधल्या काळापासून पोटाच्या अर्जंट केसेसमध्ये सर्जन आणि वैद्य एकत्र बसून असले काढे वापरायला लागले, ऑपरेशननंतर नळीतून द्यायचे, एनिमातून द्यायचे. मला विचाराल तर नुकतं जोडलेलं आतडं असताना जुलाबाचा काढा हा सर्जनच्या नजरेखालीच करायचा खेळ आहे, घरी बसून अजिबात नाही.

सुयांची गोष्ट मात्र मला खरंच इंटरेस्टिंग वाटली. अमेरिकेत अ‍ॅक्युपंक्चर हा शब्द घराघरात गेला तोच मुळी एका पोटाच्या ऑपरेशनमुळे. जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचा जेम्स रेस्टन हा मोठा पत्रकार बीजिंगला गेलेला, तिथे त्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं, तिथल्याच हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. लोक सांगताना नेहमी सांगतात की सुया टोचून भूल दिली, भुलीचं इंजेक्शन वगैरे काही नाही. हे साफ खोटं आहे. ऑपरेशन नेहमीसारखं, भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं. सुया आल्या त्या नंतर, दुसऱ्या रात्री, जेव्हा गॅसमुळे पोट फुगून त्याला चैन पडेना. उजव्या कोपराजवळ आणि दोन्ही गुडघ्यांच्या खाली सुया, वर पोटाजवळ आय नावाच्या वनस्पतीच्या (आपल्या दवण्याच्या नात्यातली) पेटत्या कांड्या धरल्या, तासाभरात पोटाचा ताण उतरला आणि परत आला नाही. त्याने हे सगळं २६ जुलैला छापलं, आणि गॅस घालवायला केवढा हा खटाटोप असं त्याला टोचून घेताना वाटलं तेही प्रांजळपणे लिहिलं. एका माणसाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे हे खरं, दुसऱ्या रात्रीनंतर बऱ्याच जणांचा गॅस तसाही सुटतोच. पण प्रश्न तोच होता बघा, वारा सरला का!

गुडघ्याखालची ती जागा म्हणजे 'झूसानली'. गुडघ्याच्या वाटीच्या खाली चार बोटं, आणि नडगीच्या हाडापासून बाहेरच्या बाजूला एक बोट. पोटाच्या तक्रारींसाठी चिनी लोकांचा हा सगळ्यात लाडका पॉइंट. पायात टोचून पोट कसं चालेल, हे मला पण आधी थापच वाटायचं. मग वाचत गेले.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०१३ साली एक अभ्यास छापला, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेले १६५ पेशंट, तीन गट केले. एकाला नीट जागी सुया टोचून त्यातून हलका करंट, दुसऱ्याला नुसत्या दिखाऊ सुया, तिसऱ्याला काहीच नाही. पहिल्यांदा शौचाला व्हायला काहीच न केलेल्यांना सरासरी १२२ तास लागले आणि खऱ्या सुयांवाल्यांना ८६. गंमत म्हणजे दिखाऊ सुयांवाले मधेच, साधारण १०७ च्या आसपास, म्हणजे कोणीतरी येऊन आपल्यासाठी काहीतरी करतंय याचाही थोडा गुण येतो, पण सगळा नाही. मग २०२३ मध्ये चीनमधल्या अनेक हॉस्पिटलांनी मिळून २४८ पेशंटवर केलं, ह्यात तर सगळ्यांना आधुनिक पद्धतीची लवकर बरं करायची सगळी काळजी दिलेलीच होती, तरी खऱ्या सुयांना ७६ तास आणि खोट्यांना ९०. चौदा तासांचा फरक. ज्याने पोट फुगून रात्र काढलीय त्याला विचारा चौदा तास म्हणजे काय ते. अर्थात सुई टोचणाऱ्याला खरी कुठली खोटी कुठली हे माहीत असतंच, त्यामुळे माझ्या मनात थोडी शंका राहते ती राहते.

आणि २०२१ मध्ये नेचर मासिकात हार्वर्डच्या किउफू मा यांच्या टीमचं काम आलं, उंदरांवरचं. त्यांनी दाखवलं की मागच्या पायात त्या जागी, खोल थरात, एका विशिष्ट प्रकारच्या नर्व्ह असतात, त्यांना हलका करंट दिला की व्हेगस नर्व्हमार्फत (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी लांब नर्व्ह) किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीपर्यंत निरोप जातो आणि शरीरातली सूज कमी होते. तोच हलका करंट पोटावर दिला तर काही होत नाही, कारण तिथे त्या नर्व्ह तशा नसतात. म्हणजे 'ची' (चिनी वैद्य जिला शरीरात वाहणारी प्राणशक्ती म्हणतात ती) वाहते का नाही ते सोडा, पाय आणि पोट यांच्यात तार आहे एवढं तरी म्हणता येतं. उंदीर म्हणजे काकी नव्हे, कबूल.

इथे एक अवांतर. चीन आणि डॉक्टर म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात, १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं त्यातले, डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच गेले. ते स्वतः सर्जन. पण त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू नंतर १९५० च्या दशकाच्या शेवटी परत चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. भारतात सुया आल्या त्या अशा. आता तर महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे आणि नोंदणी करणारी कौन्सिल पण आहे, तेव्हा कोणाकडे जायचंच असेल तर रजिस्ट्रेशन नंबर विचारा, लाजू नका, आणि सुया नवीन सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढल्या पाहिजेत. पेसमेकर असेल तर करंटवाला प्रकार नको. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी सांगायचं.

काकीच्या वेळेला मी सर्जनना विचारलं. मला वाटलेलं झाडतील, पण ते हसले आणि म्हणाले पोटाला हात लावायचा नाही, बाकी पायाला करायचं ते करा, पण त्यापेक्षा आधी तिला उठवून चालवा. सिंधुदुर्गात हॉस्पिटलमध्ये येऊन असलं करणारं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं, तेव्हा मी नुसतं बोटाने ती जागा दाबत बसायचे. त्याचा काही उपयोग झाला असं मी म्हणणार नाही, नुसतं दाबणं आणि सुईतून करंट ह्यात फरक आहे. मला हाताला काम मिळालं आणि काकीला पाय दाबून घ्यायला मिळाले. फक्त एक सांगते, आवर्जून, पोटरी चोळायची नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, एक पाय सुजला, गरम लागला, दुखला तर मालिश सोडा आणि डॉक्टरना बोलवा.

आता पाकीट. बाबूच्या मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करून बघितलं तर निघालं 'बा झेन', आठ वनस्पतींचं जुनं प्रसिद्ध मिश्रण. जिनसेंग, दांगग्वी, ज्येष्ठमध (त्यांचं गानचाओ) आणि बाकी पाच. रक्त आणि ताकद भरून काढायला, आजारपणातून, बाळंतपणातून उठलेल्यांना देतात. म्हणजे दुकानदाराने बाबूला फसवलं नव्हतं. पण काकीला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटात एनोक्सापॅरिनचं, म्हणजे रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू होतं, दांगग्वी रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर द्यायला नको, रक्तस्राव वाढू शकतो, जिनसेंगचं पण असल्या औषधांशी जमत नाही. आणि ज्येष्ठमध! आपल्याला वाटतं खोकल्याला चघळतो ते काय करणार, पण जास्त पोटात गेलं तर ते शरीरातलं पोटॅशियम खाली आणतं, आणि वर लिहिलंच की पोटॅशियम कमी झालं की आतडं अजूनच झोपतं. म्हणजे वारा सरण्यासाठी आपण देव पाण्यात घालून बसलोय आणि दुसऱ्या हाताने त्यालाच अडवतोय.

त्यातही मजा अशी की चिनी वैद्यांनी स्वतःसुद्धा हे पाकीट तेव्हा दिलं नसतं. त्यांचा क्रम आधी वाट मोकळी करायची, मग हळूच पातळ खाणं आणि मग पुष्कळ नंतर ताकदीचं. तुंबलेल्या पोटात टॉनिक ओतायचं नाही हे त्यांना पण पक्कं माहीत आहे. आपल्या आयुर्वेदात पण शोधनानंतर (पोट साफ केल्यावर) आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग विलेपी म्हणजे घट्ट पेज असं चढत जातात. चिनी दवाखान्यात पण सुरुवात तांदळाच्या नाहीतर राळ्याच्या पातळ पेजेने होते, ती आपल्या उकड्या तांदळाच्या पेजेची सख्खी बहीण. बाबूला हे सांगितल्यावर तो जरा शांत झाला, कारण आता विरोध मी करत नव्हते, चीन करत होता.

एक गोष्ट मात्र वाचून मी दुकानात एकटीच हसले. जपानमध्ये ह्याच चिनी परंपरेतून आलेली कांपो औषधं आहेत, तिथे एमबीबीएस-टाइप डॉक्टरच ती लिहून देतात, कंपनीत दाणेदार पावडर बनते, इन्शुरन्समध्ये बसते. त्यातलं 'दाइकेनचुतो' पोटाच्या ऑपरेशननंतर भरपूर वापरतात. मूळ परत झांग झोंगजिंगच. आणि त्यात असतं काय तर सुंठ, जिनसेंग, धान्याच्या मोडापासून केलेली साखर, आणि सांशो. सांशो म्हणजे झँथोझायलम जातीचं फळ, आणि आपलं तिरफळ? झँथोझायलमच! बांगड्याच्या आमटीत ठेचून टाकतो, जीभ झिणझिणते, तेच भावंड. सांशोमधला तो झिणझिण्या आणणारा पदार्थ आतड्यातल्या नर्व्हना पण चाळवतो, हालचाल वाढते, असं जपानी लोकांनी प्रयोगशाळेत बरंच शोधून काढलंय. पेशंटमध्ये निकाल मिश्र आहेत, पूर्ण जठर काढलेल्यांमध्ये शौचाला लवकर झाली, मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनवाल्यांच्या मोठ्या अभ्यासात खास फरक दिसला नाही. त्यामुळे कृपा करून हे वाचून कोणी ऑपरेशन झालेल्या माणसाला तिरफळ घातलेली आमटी पाजू नका, जात एक असली तरी झाड वेगळं आणि डोस तर आपल्याला माहीतच नाही. पण आमच्या काकांना हे इतकं आवडलं की ते गावभर सांगत सुटले, चायनावाले आमची तिरफळां खातत.

काकीवर प्रत्यक्षात काय केलं ते अगदीच साधं. हेन्रिक केह्लेट नावाच्या डॅनिश सर्जनने १९९० च्या दशकात एक पद्धत बसवली, पेशंटला उपाशी कमी ठेवा, सलाईनचा भडिमार नको, मॉर्फिनच्या जातीची औषधं कमी, नळ्या लवकर काढा, लवकर उठवा, लवकर थोडं थोडं खायला द्या. आता बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. त्यात चुईंगम पण चघळायला देतात, तोंड चाललं की पोटाला वाटतं जेवण येतंय आणि ते तयारीला लागतं. थोडा फायदा दिसतो, फार नाही, पण स्वस्त आहे. काकीने चुईंगम हातात घेऊन असं बघितलं माझ्याकडे, "चघळूचां पण गिळूचां नाय, ह्यां खयचां औषद?" शेवटी तिने ते सिस्टरच्या मुलासाठी ठेवून दिलं. चालली मात्र भरपूर, कॉरिडॉरमध्ये एका हाताने सलाईनचा स्टँड धरून, दुसरा हात पोटावर, आणि प्रत्येक खाटेवरच्या बाईची चौकशी करत.

मग एका पहाटे वारा सरला. सगळ्यांनी श्रेय घेतलं, काकांनी रवळनाथाला गाऱ्हाणं घातलेलं त्यांना वाटलं देव पावला, सिस्टरला वाटलं चालण्याने, मला वाटलं पोटॅशियमच्या सिरपने, बाबू तर म्हणाला पाकीट उशाशी होतं ना ताई, वासाने पण होतं कधी कधी. वादात कोण पडणार. पेज आली, वर मिठाचा खडा, आणि ती म्हणाली सोलकढी कधी.

मत विचारलंत तर असं. सुयांबद्दल मी आता नाक मुरडत नाही, ऑपरेशननंतर आतडं जागं करायच्या एवढ्याशा कामात त्यांची बाजू मला बऱ्यापैकी भक्कम वाटते, सर्जनना विचारून, शिकलेल्या माणसाकडून. काढ्यांच्या पाकिटांबद्दल नाक मुरडते आणि मुरडत राहणार. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांमध्ये एका चिनी मुळीच्या जागी दुसरीच, अ‍ॅरिस्टोलोकिया जातीची मुळी गेली, नावं सारखी होती म्हणून, आणि शंभरच्या आसपास बायकांच्या किडन्या खराब झाल्या. नॅचरल आहे म्हणून काही होत नाही, हे वाक्य काउंटरवर ऐकलं की मला ती केस आठवते. हे फक्त चिनी नाही हां, आपल्या गावठी पुड्यांना पण तेच लागू.

आणि वारा सरला नाही, पोट टणक फुगलंय, हिरव्या उलट्या होताहेत, ताप आहे, किंवा एकदा सुटून परत बंद झालं, तर काढा नको, सुई नको, ओवा नको, सरळ हॉस्पिटल. जोडलेली जागा गळत असू शकते, त्यात तासांचा हिशोब असतो.

ऑपरेशन ठरलेलं असेल तर साधारण दोन आठवडे आधीपासून सगळी हर्बल औषधं बंद करायला सांगतात, जिनसेंग, लसणाच्या कॅप्सूल, जिंको, सगळी, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरना काय काय घेत होता ते सांगायचंच. आमच्याकडे विचारायला येणार असाल तर पाकीटच घेऊन या. व्हॉट्सॅपवर फोटो पाठवू नका, मागची बारीक अक्षरं त्यात दिसत नाहीत आणि माझा चष्मा वाढलाय.